सुकरीची सासू

सुकरीला साडी नेसवायला ठमाबाईंना अकरा मिनिटे लागतात. सुकरी रबराची आहे, वजनाने तीस किलोंच्या वर आहे, आणि नेसवणाऱ्याला ती काडीचीही मदत करत नाही. तिच्या कुशीतून निघणारी वायर निऱ्यांत अडकू नये म्हणून साडी उलट बाजूने वळवून घ्यावी लागते. साडीवर पुरुषाचा जुना, फुलबाह्यांचा शर्ट चढतो, कारण पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वावरात राबणारी बाई नवऱ्याचा शर्ट घातल्याखेरीज उभी राहत नाही. मग गळ्यात काळे मणी, हातांत बांगड्या, कमरेला चुन्याची डबी. सगळे अंगावर बसले की ठमाबाई मगभर पाण्यात थोडे फिनेल कालवतात आणि ते सुकरीच्या खांद्यांवर, पाठीवर, पदरावर ओततात. फवारणीचे औषध अंगावर सांडलेली बाई तयार होते.

चंद्रपूरहून मूलकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक धर्मादाय रुग्णालय आहे. त्याच्या मागच्या इमारतीत २०१९ साली एक सराव कक्ष सुरू झाला. गडचिरोली आणि चंद्रपूर या दोन्ही जिल्ह्यांतल्या लहान रुग्णालयांचे डॉक्टर तिथे तीन-तीन दिवसांसाठी येतात आणि तातडीच्या रुग्णाला कसे वाचवायचे, हे पुतळ्यावर शिकतात. पुतळा श्वास घेतो, त्याची नाडी हाताला लागते, डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या होतात. हे सारे भिंतीच्या काचेमागे बसलेली रिना संगणकावरून घडवते. पुतळा एकच आहे. केसांचा टोप नसला की तो वारलू, टोप चढवला की सुकरी. ही नावे ठमाबाईंनी ठेवली. कंपनीने दिलेले नाव एक अक्षर आणि चार आकडे असे होते. ते आज कोणालाही आठवत नाही.

या कक्षामुळे भोवतालच्या तालुक्यांत किती जीव वाचले, याचे आकडे अजून कोणी नीट मांडलेले नाहीत. रुग्णालयाच्या वार्षिक पुस्तिकेत जे छापले जाते, त्याला फार वजन देण्याचे कारण नाही. परंतु एक गोष्ट तपासून पाहता येते. कक्षाच्या नोंदवहीत प्रत्येक सरावाची वेळ लिहिलेली असते. पहिल्या चार महिन्यांत सुकरी उघडीच झोपलेली असे. त्या काळात विषबाधेचे उपचार सुरू करायला डॉक्टरांना सरासरी चार मिनिटे लागत. पाचव्या महिन्यापासून तीच सरासरी अकरा मिनिटांवर गेली. पाचव्या महिन्यात ठमाबाईंनी सुकरीला कपडे घातले होते.

तेव्हा त्या कक्षात फक्त झाडू-पोछा करत. कक्षप्रमुख डॉ. नीलिमा यांना त्यांनी एके दिवशी पोछा थांबवून विचारले होते, "मॅडम, आपल्याकडची कोणती बाई अशी नागडी येते जी दवाखान्यात?"

दुसऱ्या दिवशी नीलिमांनी घरून दोन जुन्या साड्या आणल्या.

कपड्यांमागून सासू आली. "बाई एकटी कुठी येते?" असे म्हणत ठमाबाई स्वतःच सुकरीच्या उशाशी उभ्या राहिल्या आणि डॉक्टरांशी भांडू लागल्या. झाडीपट्टीत नाटकांना तोटा नाही, पण ठमाबाईंनी उभ्या आयुष्यात स्टेजवर पाऊल ठेवलेले नव्हते. पोंभुर्ण्याजवळचे त्यांचे माहेर बौद्ध शेतमजुरांचे. नवरा घुग्घुसच्या खाणीत होता, तो छातीच्या आजाराने गेला. १९९८ पासून त्या या रुग्णालयात आयाबाई. वीस-एकवीस वर्षे त्यांनी रुग्णांच्या सासवा, आया, नणंदा, जाऊबाई पाहिल्या होत्या. कोण काय लपवते, कोण कोणत्या प्रश्नाला उत्तर देत नाही, औषधाचा डबा घरी टाकून थंड पेयाच्या बाटलीत चार थेंब घेऊन कोण येते, हे त्यांना पाठ होते. कक्षात त्या यातले एक-एक काढत. त्यांच्यापुढे एम.डी. झालेल्या डॉक्टरांची बोबडी वळलेली रिनाने काचेमागून अनेकदा पाहिली आहे.

ठमाबाई वठवत त्या सासूचा एक नियम होता, जो त्यांनी कोणालाही सांगितला नव्हता. दटावले तर ती ऐकत नसे, समजावले तरी ऐकत नसे. पण एखाद्या डॉक्टराने तिचीच मदत मागितली, तर ती त्या क्षणी हट्ट सोडत असे.

हे झाले लोकांना दिसणारे. न दिसणारे असे होते.

२७ सप्टेंबर २०१३ रोजी दुपारी पोंभुर्ण्याकडून एका काळीपिवळी जीपमधून रंजीता नावाची एकतीस वर्षांची बाई आली. नवरा पाठीवर पंप घेऊन फवारत होता आणि ती औषध कालवून त्याचा पंप भरत होती. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली. फवारा वाऱ्याने उलटून तिच्यावर येत राहिला. कामावर तेव्हा डॉ. नीलिमा होत्या, नोकरीला लागून सात महिने झालेल्या. त्यांनी कपडे काढवले, अंग धुववले, इंजेक्शन सुरू केले. छातीतली घरघर उतरली. इतक्यात ट्रकच्या अपघातातले दोघे आले आणि नीलिमा तिकडे धावल्या.

खाटेपाशी ठमाबाई उरल्या. दारात दीर, गावचे दोन पुरुष. चादरी धोब्याकडे गेलेल्या. रंजीता अर्धवट शुद्धीत होती आणि तिचा हात अंगावर ओढायला काही सापडते का म्हणून चाचपडत होता. सासू भिंतीशी बसून रडत होती, "उघडी पडली वं माही सून, उघडी पडली." ठमाबाईंनी कोपऱ्यातल्या घमेल्यातून तिचीच साडी उचलली, पाणी पिळून काढले, तिच्या अंगावर पसरली आणि पायांखाली नीट खोचली. रंजीताचा हात थांबला. आपण एका बाईची लाज राखली, असे त्यांना वाटले. तासाभरात रंजीताच्या तोंडाला पुन्हा फेस आला. धावत परतलेल्या नीलिमांना अंगावर काहीतरी पांघरूण आहे, एवढेच दिसले. संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी ती गेली.

त्या पिळलेल्या साडीत विष तसेच होते, हे ठमाबाईंना सहा वर्षांनी कळले. सराव कक्षाच्या पहिल्याच तुकडीपुढे नीलिमा बोलत होत्या: कापडात मुरलेले औषध कातडीतून आत जातच राहते, ते कापड अंगावर असेतो तुमचे इंजेक्शन हरत राहील. ठमाबाई खिडकीची जाळी पुसत होत्या. त्यांचा हात जाळीवरच राहिला. पुढचे वाक्य त्याहून जड होते. "माझी एक पेशंट होती, रंजीता," नीलिमा म्हणाल्या. "मी घाबरून डोस कमी दिला. ती गेली ती माझ्या चुकीने. म्हणून ही खोली उभी आहे."

दर तुकडीपुढे नीलिमा हे सांगत. पाच वर्षांत साठ-पासष्ट तुकड्या झाल्या असाव्यात. तितक्या वेळा ठमाबाईंनी ते ऐकले, आणि दर वेळी काहीतरी काम काढून त्या बाहेर गेल्या. सांगावे तर आयुष्यभराची लाज, कदाचित नोकरीही. न सांगावे तर दुसरी बाई आपले ओझे वाहते आहे. सुकरीला कपडे घालणे, सासू होऊन अडवणे, हे सगळे त्यांनी या कोंडीतूनच काढले असेल काय, असे पुढे रिनाने त्यांना विचारले होते. ठमाबाई म्हणाल्या, "मले येवढा विचार येत असता तं मी डॉक्टरच नसती झाली का?"

ऑगस्ट २०२४ च्या तुकडीत अहेरीकडच्या एका लहान रुग्णालयातून डॉ. प्रणित आले होते. उंच, अबोल, नखे कुरतडणारे. पहिल्या दिवशी नीलिमांचे बोलणे झाल्यावर चहाच्या वेळी ते ठमाबाईंच्या शेजारी येऊन बसले. कप हातात तसाच.

"मॅडमचं ऐकून बरं वाटलं, बाई. माझीही एक गेली. मागच्या महिन्यात," ते म्हणाले. "चांगली सुधारली होती. डोस पूर्ण दिला होता, दोनदा मोजला होता. तासाभरानं पुन्हा तेच सुरू झालं. कुठं चुकलो, समजतच नाही. आता तातडीचं काम सोडून साधी ओपीडी मागावी म्हणतो."

ठमाबाईंनी बशी खाली ठेवली. "डॉक्टरसाहेब, तिच्या अंगावर काय होतं?"

"कपडे तर काढले होते."

"काढल्यावर. मंग काय होतं अंगावर?"

"असेल काहीतरी. नातेवाईक टाकतात ना आणून." प्रणितांनी खांदे उडवले आणि मग ठमाबाईंकडे नीट पाहिले. "काऊन, बाई?"

"काई नाई. चहा प्या, थंडा होऊन राह्यला."

त्या उठल्या आणि कक्षात गेल्या. त्या दिवशी सुकरीला नेसवायला त्यांना अकराऐवजी वीस मिनिटे लागली. रिनाने काचेमागून हाक दिली, "ठमाबाई, सुनेले लग्नाले पाठवता का?" ठमाबाईंनी मान वर न करता पुन्हा निऱ्या मोजल्या.

सराव सुरू झाला. प्रणित खाटेपाशी येतात न येतात तोच सासू आडवी आली.

"हात नोको लावू माह्या सुनेले! बाईमाणूस नाई का कोणी इथी?"

"आई, कपड्यांत औषध मुरलंय. काढावे लागतील."

"कपड्यात कसं मुरते? तिनं पेलं नाई, वास घेऊन पाह्य तोंडाचा. आन् हे कात्री काऊन काढून राह्यला तू? डॉक्टर होय का शिंपी? पोळ्याले घेतलेली साडी होय ते!"

मागे उभी तुकडी हसली. प्रणित हसले नाहीत. घड्याळात साडेतीन मिनिटे झाली होती, सुकरीची नाडी उतरत होती. त्यांनी कात्री ट्रेमध्ये ठेवली आणि दोन परिचारिकांना खुणेने बोलावले.

"या दोघी चादर धरून आडोसा करतात, आई. आतमध्ये फक्त तुम्ही आणि सिस्टर. कपडे तुम्हीच काढा, मला तुमच्याशिवाय जमायचं नाही. मी इकडं तोंड करून इंजेक्शन भरतो. तुमच्या सुनेकडे कोणी पाहणार नाही."

गावात बाळंतिणीभोवती बाया लुगडे धरून उभ्या राहतात, तशा परिचारिका उभ्या राहिल्या. सासू क्षणभर त्यांच्याकडे पाहत राहिली आणि मुकाट्याने आडोशाआड गेली. कपडे निघाले, घमेल्यात पडले. अंग धुतले गेले. इंजेक्शने मोजून गेली. रिनाच्या पडद्यावर नाडी चढली, बाहुल्या मोठ्या झाल्या, छाती कोरडी झाली. साडेबारा मिनिटे.

"उत्तम," नीलिमा म्हणाल्या. "या सगळे इकडे, पडद्यावर पाहू काय-काय झालं ते."

सगळ्यांच्या पाठी खाटेकडे झाल्या. ठमाबाईंनी घमेल्यातली साडी उचलली. पिळली. सुकरीच्या अंगावर पसरली, पायांखाली खोचली आणि हात जोडून बाजूला उभ्या राहिल्या.

चर्चा दहा मिनिटे चालली. कोणी मागे वळून पाहिले नाही. शेवटी नीलिमा म्हणाल्या, "ठमाबाई, आवरा आता सुकरीला."

"सुकरी मेली, मॅडम."

"काय मेली!" रिनाचा आवाज ध्वनिवर्धकातून आला. "माह्या पडद्यावर नाडी एकशे दहा हाय."

"तुह्या पडद्याले काय समजते?"

तेव्हा सगळे वळले. साडीतून फिनेलचे पाणी गादीवर ठिबकत होते. प्रणित दोन पावले पुढे आले आणि थांबले. त्यांचा चेहरा उतरत गेला. त्यांना त्यांची अहेरीकडची रुग्ण दिसली असावी.

"हे कोणी टाकलं?" नीलिमांनी विचारले. त्यांना वाटले, सासूचे नवे सोंग आहे, आणि चांगले आहे. "सासूनं?"

"सासू भिंतीशी रडत होती. आयाबाईनं टाकलं."

"कोणत्या आयाबाईनं?"

"रंजीताच्या येळेस होती, ते." ठमाबाईंनी जोडलेले हात सोडले नाहीत. "तुमी ट्रकवाल्या पेशंटकडे गेल्या होत्या, मॅडम. ते पोरगी उघडी होती, दारात माणसं होती. मी तिचीच साडी पिळून तिच्यावर टाकली. मले मालूम नोतं. पुढं तुमीच शिकवलं तेव्हा मालूम झालं. तुमी दर बॅचले सांगता का चूक तुमची होती, आन् मी पोछा मारत आयकत राह्यतो."

रिनाने काचेमागचा ध्वनिवर्धक बंद केल्याचा खटका तेवढा ऐकू आला.

"पाच वर्षं," नीलिमा म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण शब्द दातांखालून आले. "पाच वर्षं माझ्यासमोर रोज उभ्या राहिलात तुम्ही." आणि त्या कक्षाबाहेर गेल्या. उरलेला सराव दुसऱ्या प्रशिक्षकांनी घेतला. ठमाबाईंनी गादी पुसली, साडी वाळत घातली आणि त्या घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आल्या त्या गणवेशाशिवाय. घरची हिरवी साडी, हातात कक्षाच्या किल्ल्यांचा जुडगा. नीलिमा आधीच कक्षात येऊन बसल्या होत्या. समोर पिवळे पडलेले, कडा खाल्लेले केसपेपर होते. अभिलेख कक्षातून ते काढायला त्यांना आदली पूर्ण दुपार लागली होती, हे नंतर रिनाने सांगितले.

"किल्ल्या कशाला आणल्या?"

"द्याले. तुमी मले काढाच्या आधी."

"तुम्हाला काढलं तर सुकरीला सासू कुठून आणू? बसा." ठमाबाई उभ्याच राहिल्या. नीलिमांनी कागद त्यांच्याकडे वळवला, जणू त्यांना त्यातले इंग्रजी वाचता येणार होते. "डोस कमीच होता, ठमाबाई. मी काल तीनदा पाहिलं. तो माझा. तो मी कोणाला देणार नाही. पण हे बघा, तीन वीस ते चार दहा. मधे एक अक्षर नाही. पन्नास मिनिटं मी तिकडे होते, आणि इथे काय झालं ते या जगात फक्त तुम्ही पाहिलंय."

"माह्यानंच मेली ना मंग ते?"

"मला माहीत नाही." नीलिमांनी हे सावकाश उच्चारले. "खरंच माहीत नाही. डोस पुरा असता तर साडी असूनही जगली असती कदाचित. साडी नसती तर कमी डोसवरही जगली असती कदाचित. अकरा वर्षांनी हे कोणाला ठरवता येणार नाही, आणि ठरलंय असं जो म्हणेल त्याच्यावर तुम्ही विश्वास ठेवू नका. मी म्हटलं तरी."

ठमाबाई खुर्चीच्या कडेवर टेकल्या. बराच वेळ त्यांनी पदराने डोळे पुसले. नीलिमांनी त्यांना थांबवले नाही, की पाठीवर हातही ठेवला नाही. राग पुरता गेला नव्हता आणि तो गेल्याचे सोंग त्यांनी केले नाही.

दार वाजले. प्रणित होते. ते आत न येता उंबऱ्यावरूनच म्हणाले, "मॅडम, मी काल आमच्या सिस्टरला फोन लावला. साडीच होती. तिचीच." आणि थोड्या वेळाने, "मी आजपासून चादरींचं एक कपाट तातडीच्या खोलीत ठेवायला सांगितलंय. कुलूप नसलेलं."

"बसा तुम्हीही," नीलिमा म्हणाल्या. मग काचेकडे वळून त्यांनी रिनाला हाक मारली. "सुकरीचा नवा प्रसंग लिहायचा आहे. कपडे पुन्हा अंगावर आले तर पुढे काय-काय होतं, कोणत्या क्रमानं, किती मिनिटांनी. पुस्तकात इतकं बारीक मिळत नाही. ठमाबाई सांगतील."

"मी?" ठमाबाईंनी मान वर केली. "मी ते इसरासाठी अकरा साल मेहनत केली, मॅडम."

"विसरलात का?"

"नाई ना."

रिनाने संगणक उघडला. ठमाबाई तिच्या शेजारच्या स्टुलावर जाऊन बसल्या. डोळे मिटून त्यांनी सुरुवात केली: साडी टाकली तेव्हा बाहेर खाणीतल्या दोन नंबरच्या पाळीचा भोंगा झाला नव्हता, चहावाला येऊन गेला होता. नीलिमांनी चहावाल्याची वेळ समासात लिहिली, कागदावरच्या तीन वीसच्या नोंदीशी ताडून पाहिली. दहा मिनिटांचा फरक पडत होता. त्यांनी दोन्ही वेळा लिहिल्या, कोणतीही खोडली नाही.

"मग पहिल्यांदा काय दिसलं? लाळ?" रिनाने टाईप करत विचारले. "लाळ, मंग घाम, असं टाकतो."

"नाई." ठमाबाईंनी डोळे उघडले आणि पडद्यावर बोट ठेवले. "घाम आधी. वरच्या ओठावर, बारीक-बारीक. मी पुसला होता तो. लाळ बरीच मंग. हे खोड, आन् बरोबर लिव."